पाटकऱ्याचा नियम

यंदाही एप्रिल कोरडा गेला. इथे इंग्लंडात लोकांना त्याचा आनंद होतो आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. वर्षाचे सात-आठ महिने करड्या आभाळाखाली काढल्यावर चार दिवस ऊन मिळालं, तर माणूस बागेत खुर्ची टाकणारच. आमच्या गल्लीतही खुर्च्या बाहेर आल्या. सुनंदा म्हणाली, "अहो, मी पापड घालून घेते. असं ऊन परत कधी मिळेल सांगता येत नाही." ती गार्डनमध्ये चादर पसरून बसली आणि मी गाडी काढून ड्रेनवर, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या मोठ्या चरावर गेलो. काठावरच्या मोजपट्टीवर पाणी नेहमीच्या खुणेपेक्षा वीतभर खाली होतं. बांधावरची माती चिमटीत घेऊन चुरली तर तिची काळी पूड झाली आणि वाऱ्याने उडून गेली. मला तो उन्हाळा आठवला. खरं तर तो मी कधी विसरलोच नव्हतो.

आम्ही राहतो त्या पूर्वेकडच्या सखल भागाला फेन्स म्हणतात. ज्याने हा भाग पाहिला नाही त्याला सांगून पटत नाही. इथे नदी वरून वाहते आणि शेतं खाली असतात. बांधाच्या पायथ्याशी उभं राहिलं की आपल्या डोक्याच्या वरून बोट जाताना दिसते. एकेकाळी इथे नुसती दलदल होती. मासे, बदकं, लव्हाळं आणि त्यांवर पोट भरणारी गरीब माणसं. मग बड्या जमीनदारांनी पैसा घातला, परदेशातून जाणकार आणले, लांबच लांब सरळ चर खणले आणि पाणी समुद्राकडे काढून दिलं. दलदलीवर जगणाऱ्यांचं जगणंही त्या पाण्याबरोबर वाहून गेलं. त्यांनी रागाने बांध फोडले, जमीनदारांनी ते परत बांधले. पाणी गेल्यावर खालची काळी माती वाळून आक्रसत गेली, जमीन खचत गेली आणि पाणी आपोआप वाहून जाईना. तेव्हा उपसायला पवनचक्क्या आल्या, मग वाफेची यंत्रं, मग डिझेलची, आता विजेची. उपसा थांबला तर काही वर्षांत इथे पुन्हा बदकं पोहतील.

हा उपसा करायला, चर साफ ठेवायला आणि पाण्यावरून होणारी भांडणं मिटवायला एक ड्रेनेज बोर्ड असतं. काही सभासद शेतकरी आपल्यातून निवडून देतात, काही गावांच्या वतीने कौन्सिल नेमते. एक क्लार्क, एक इंजिनियर, पंपांवर दोन माणसं, एवढाच पसारा. हिवाळ्यात पाणी बाहेर फेकायचं आणि उन्हाळ्यात तेच नदीतून थोडं थोडं आत घ्यायचं, कारण बटाट्याला आणि सेलरीला ते लागतं. आत घेण्यासाठी बांधात लहान लोखंडी दरवाजे असतात, त्यांना इथे स्लॅकर म्हणतात. मी आधी लेस्टरला आणि नंतर इथे कौन्सिलच्या गटारं-नाल्यांच्या खात्यात उभा जन्म काढला. निवृत्त झालो तेव्हा कौन्सिलने मला बोर्डावर पाठवून दिलं. बैठकीला येणाऱ्यांत ज्याच्या बुटांना माती नसते असा मी एकटाच.

बोर्डाच्या कपाटात जुन्या इतिवृत्तांचे चामडी बांधणीचे जाडजूड खंड आहेत. क्लार्कने मला ते वाचायला दिले. बहुधा हा निवृत्त माणूस काहीतरी करत बसेल म्हणूनच दिले असावेत. सुंदर वळणदार अक्षरात पानोपानी तक्रारी आहेत: वरच्याने चर तुंबवला, खालच्याच्या शेतात पाणी शिरलं, कुणी तरी दरवाजा परस्पर उघडला. सगळ्या शेतकऱ्यांची नावं आहेत, त्यांच्या शेतांची नावं आहेत. दरवाजे उघडणाऱ्या-मिटणाऱ्या माणसाचा उल्लेख मात्र प्रत्येक वेळी 'स्लूसमन' एवढाच येतो. मी बरेच खंड चाळले. त्याचं नाव काही सापडलं नाही.

मला हे बोर्ड परकं वाटलं नाही, त्याला कारण माझा बा. बा पाटकरी होता. खानदेशात आमच्या गावाच्या वर नदीवर एक जुना दगडी बंधारा आहे. तिथून पाट निघतो आणि शिवाराला पाणी देतो. सगळं शिवार चार फडांत वाटलेलं होतं. प्रत्येक बागायतदाराचा एक तुकडा प्रत्येक फडात. एका फडात एका साली एकच पीक. पाणी कमी असलं की पेरणीआधी गाव बसायचं आणि एक अख्खा फड कोरडा ठेवायचं ठरवायचं, म्हणजे जे काही सोसायचं ते सगळ्यांनी सारखं. हे कुणी सरकारने लिहून दिलेलं नव्हतं. मी इंजिनियरिंग शिकलो, इतकी वर्षं पाण्यात काढली, पण याहून शहाणी व्यवस्था मला कागदावर कुठे भेटली नाही.

या व्यवस्थेतली दारं बाच्या हातात होती. खांद्यावर फावडं टाकून तो पहाटे निघायचा. कुणाचं दार कधी उघडायचं, किती वेळ ठेवायचं, कधी मातीने बुजवायचं, सगळं त्याच्या डोक्यात. घड्याळ नव्हतं. सावली बघून तो वेळ सांगायचा आणि त्यावरून कुणी वाद घालायचं नाही. आमच्याकडे पाणीपाळी शेवटच्या शेतापासून सुरू व्हायची. पाटाच्या तोंडाशी असलेल्याने डोळ्यांदेखत पाणी पुढे जाऊ द्यायचं आणि आपली वेळ येईपर्यंत थांबायचं. लहानपणी मी बाच्या मागे बांधावरून चालायचो. ओल्या मातीचा, उसाच्या पाचटाचा आणि बाच्या घोंगडीचा मिळून एक वास यायचा. आता तो मला कुठेच येत नाही.

आम्ही त्या गावातले महार, पुढे बौद्ध झालो. आमच्या वस्तीचा पाणवठा नदीवर सगळ्यांच्या खाली. गावाची विहीर आम्हाला बंद. सुगीला खळ्यावर बाला पाटकरीपणाचं धान्य मिळायचं, ते सुपातून लांबून ओतायचे. हे सगळं मला ठाऊक होतं. असल्या गोष्टी कुणी शिकवाव्या लागत नाहीत. पण एक गोष्ट मी या सगळ्यातून बाजूला काढून जपून ठेवली होती. बा म्हणायचा, "पाणीपाळीत पाटकऱ्यानं कुणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही. नियम आहे तसा." हे सांगताना त्याचा आवाज वेगळा लागायचा. ज्याच्या हातात सगळ्यांचं पाणी त्याने कुणाचं मिंधं होऊ नये, असा मी त्याचा अर्थ लावला. बाला जमीन नव्हती, म्हणूनच गावाने त्याच्यावर भरवसा टाकला, असाही. नोकरीत कंत्राटदारांनी ख्रिसमसला बाटल्या पाठवल्या की मी त्या परत करायचो आणि मनात म्हणायचो, मी पाटकऱ्याचा मुलगा आहे. बाने माझ्यासाठी शेत ठेवलं नाही, घर ठेवलं नाही. एवढी एक गोष्ट ठेवली होती. ती खोटी निघाली असती तर माझ्याकडे बाचं असं काहीच उरलं नसतं.

तर तो उन्हाळा. मे महिन्यातच हिरवळी पिवळ्या पडल्या. जूनमध्ये बागेला पाइपने पाणी घालायला बंदी आली. सुनंदा भाज्या धुतलेलं पाणी जपून कढीपत्त्याच्या कुंडीला घालायची. काळ्या जमिनीला अशा भेगा गेल्या की त्यात कोपरापर्यंत हात जाई. मग नद्या सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचं पत्र आलं: स्लॅकरमधून अमुक इतकंच पाणी आत घ्या, त्यापुढे थेंबभरही नाही.

गावच्या हॉलमध्ये बोर्डाची बैठक बसली. ड्रेनच्या तोंडाशी असलेल्यांचे पंप आधी ओढायचे. शेवटाला पोहोचेपर्यंत ड्रेनमध्ये चिखल उरायचा. शेवटचं शेत मार्गारेटचं. ती सत्तरीची, नवरा गेलेला, एका गड्याच्या मदतीने बटाटा करायची. बटाट्याला कंद धरतो त्या तीन आठवड्यांत पाणी मिळालं नाही तर सालीवर खवले येतात आणि घेणारा माल नाकारतो. ती हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती. बाकीचे मोठ्याने बोलत होते. अध्यक्ष रॉजर सगळ्यांना "थँक यू, थँक यू" म्हणत होता, म्हणजे त्याला काही सुचत नव्हतं.

तेव्हा मी हात वर केला. बोर्डावर येऊन तीन वर्षं झाली होती आणि मी पहिल्यांदाच लांबलचक बोलत होतो. म्हटलं, पाळ्या लावा, शेवटच्या शेतापासून सुरुवात करा. शेवटच्याचं पाणी जाताना सगळा ड्रेन भिजतो, मग वरच्यांना कमी लागतं. आणि ज्यांची पाळी यायची आहे ते दरवाजाजवळचेच असले की त्यांचं लक्ष आपोआप दरवाजावर राहतं. कुणीतरी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? म्हटलं, माझ्या वडिलांच्या गावात आहे.  मग रॉजर म्हणाला, "आणि दरवाजाची चावी कुणाकडे राहणार?" स्वतःच उत्तर दिलं, "ज्याचं शेत नाही त्याच्याकडे." सगळे माझ्याकडे बघायला लागले.

घरी येऊन मी सुनंदाला म्हटलं, "आज मी पाटकरी झालो." आयुष्यात बढत्या मिळाल्या तेव्हा मी इतका फुललो नव्हतो. ती म्हणाली, "झालात तर झालात. पण उन्हात जाताना टोपी घाला, आणि बीपीची गोळी विसरू नका."

मग रोज सकाळी सहाला मी स्लॅकरवर. हातभर लांबीची लोखंडी चावी दांड्यावर बसवून फिरवायची, की खालून आधी गुडगुड ऐकू यायची आणि मग नदीचं गार पाणी आत पडायचं. त्याला शेवाळाचा वास असायचा. लव्हाळ्यांत निळे चतुर फिरायचे. दोन्ही बाजूंना बटाट्याची गडद हिरवी पानं, मध्येच पाणी फवारणाऱ्या रेनगनची टकटक. ज्याची पाळी नाही त्याचा पंप बंद आहे की नाही, हे बघत मी ड्रेनच्या कडेने शेवटपर्यंत गाडी न्यायचो. तरणेताठे शेतकरी माझी गाडी दिसली की टोपीला हात लावायचे. बा असता तर काय म्हणाला असता, हे मनात घोळवत मी चालवायचो. खोटं कशाला सांगू, ते दिवस मी मजेत काढले.

पहिली पाळी मार्गारेटची. तीन दिवस तिच्या शेतात रेनगन फिरली. तिसऱ्या दिवशी मी तिचा पंप बंद करायला गेलो तर ती फाटकाशी उभी होती. "आत या," म्हणाली, "चहा ठेवलाय. केकही केलाय." मी हसून म्हटलं, नको, थँक यू. ती म्हणाली, निदान पाणी तरी घ्या, किती ऊन आहे. मी म्हटलं, नको, पाणी तर नकोच. माझ्या गाडीत घरून आणलेली बाटली होती. मी तिच्यासमोर त्या बाटलीतून दोन घोट प्यायलो, म्हणजे तिला काळजी नको. आणि नियम पाळल्याच्या समाधानात तिथून निघालो.

दुसऱ्याच्या दारातही तेच झालं, तिसऱ्याच्याही. इथे कुणी दाराशी आलं की चहा विचारतात आणि समोरचा तो घेतो. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. मी मात्र प्रत्येकाला नाही म्हणत गेलो. आणि प्रत्येक नकाराबरोबर बाच्या जवळ जातोय असं मला वाटत होतं.

दोन आठवड्यांनी रॉजर घरी आला. बाहेरच्या खोलीत अवघडून बसला. सुनंदाने दिलेला चहा त्याने लगेच घेतला, बिस्किट बुडवून खाल्लं, आणि मग हळूच म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. पण लोक विचारतायत. आमच्या घरचं काही खाण्यापिण्याला तुमच्या धर्मात मनाई आहे का? तसं असेल तर आम्ही समजून घेऊ. मार्गारेटला वाटतंय की तिच्या घरचं तुम्हाला चालत नाही."

तिच्या घरचं मला चालत नाही. आमच्या सात पिढ्यांनी जे ऐकलं ते आता माझ्याबद्दल कुणी म्हणत होतं, आणि तेही इतक्या सभ्यपणे की रागावताही येईना. रॉजरला मी फाटकापर्यंत सोडून आलो. मुलगी पल्लवी वीकेंडला घरी आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "बाबा, यू आर ऑफेंडिंग देम. एक कप चहा प्यायचा, त्यात काय मोठा गोष्ट आहे?"

"नियम आहे तसा," मी म्हटलं.

"कोणी केला हा नियम? बोर्डनी?"

"तुझ्या आजोबांच्या गावात होता."

"पण इथला लोकांना ते कसं माहीत असणार? तू सांगितला का त्यांना?"

सांगितलं नव्हतं. तिचं मराठी अडखळतं, पण म्हणणं चोख होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मार्गारेटकडे गेलो. ती मागच्या अंगणात बीन्सना काठ्या लावत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. बंधारा, पाट, फड, बा, बाचं फावडं. मग नियम सांगितला. आमच्या जातीचंही सांगितलं, कारण त्याशिवाय बा कोण होता हे तिला कळलं नसतं. बोलता बोलता मी नकळत ताठ उभा राहिलो होतो. म्हटलं, अख्ख्या शिवाराचं पाणी त्याच्या हातात होतं, पण त्याने कधी कुणाच्या घरचा घोट घेतला नाही.

मार्गारेट सुतळी हातात धरून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "पण ते लोक त्यांना देत होते का?"

 पन्नास वर्षं जो नियम मी काचेच्या कपाटात ठेवावा तसा ठेवला होता, त्याला हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. जे कुणी देतच नाही ते नाकारायला नियम कशाला लागतो? तिला माझी अवस्था दिसली असावी. ती म्हणाली, "सॉरी. मी विचारायला नको होतं." मी म्हटलं, "तुम्ही बरोबर विचारलंत." 

धुळ्याला माझी थोरली बहीण असते, अक्का. बालवाडी चालवून निवृत्त झाली. आता गुडघ्यांमुळे फारशी बाहेर पडत नाही. मी घरी येऊन तिला फोन लावला. तिकडे दुपार होती, कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"अक्का, बाला पाटावर कुणी पाणी द्यायचं का?"

"आज हे काय काढलंस मधेच?"

"सांग ना."

"कोण देणार होतं? कधीमधी कुणी ओंजळीत वरून ओतायचं, तेही आजूबाजूला कुणी नसलं तर. मीच न्यायची की घरून मडकं. तू तेव्हा लहान होतास, तुला काय आठवणार."

"मग तो नियम? पाटकऱ्यानं कुणाचं पाणी प्यायचं नाही, तो?"

अक्काने आधी कुकर बंद केला. मग म्हणाली, "नियम वगैरे काही नव्हतं रे. ऐक. एका साली लई कडक उन्हाळा पडला होता. बंधाऱ्यात पाणी नव्हतं, पाटात कसंबसं घोटाभर. एका बड्याचा ऊस वाळत चालला होता. त्याची पाळी आठ दिवसांनी. मी मडकं घेऊन बांधावर गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. तो बड्या घरून तांब्या घेऊन आला. घरचा, घासलेला. चार माणसांसमोर त्याने तो बाच्या हातात दिला. वरून ओतला नाही, हातात दिला. म्हणाला, पी रे, दमलास."

"मग?"

"बाने धरला तांब्या. धरून उभा राहिला थोडा वेळ. मग बांधावर ठेवला आणि म्हणाला, पाणीपाळीत पाटकरी कुणाचं पाणी पीत नाही, नियम आहे तसा. असा नियम नव्हताच. त्याने तिथल्या तिथे केला. पाऊस चांगला झाला त्या सालांत कुणाला त्याची तहान दिसली नव्हती. त्या साली दिसली, ती कशासाठी हे त्याला कळत नव्हतं का? पुढे मग तोच नियम त्याने शेवटपर्यंत पाळला. गावसुद्धा म्हणायला लागलं, हो, असा नियमच आहे."

 म्हणजे बाने नाकारलं होतं. माझी जपलेली गोष्ट खोटी नव्हती. मला हायसं वाटलं आणि मी ते अक्काला बोलूनही दाखवलं. म्हटलं, "म्हणजे बा मोठाच होता. जमीन नव्हती म्हणून गावाने त्याच्यावर..."

"जमीन नसणं ही काही त्याची लायकी नव्हती," अक्का मधेच म्हणाली. "ती त्याला मिळू दिली नव्हती. तू उगाच सगळं छान छान करू नकोस." मग तिचा आवाज खाली आला. "त्या दिवशी घरी आल्यावर माझ्याशी काय बोलला माहितीये? म्हणाला, तांब्या गार होता गं. एवढंच. मग अंधार पडेपर्यंत उंबऱ्यात बसून होता. त्याला प्यायचं होतं रे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हातात दिलं होतं."

त्या उन्हाळ्याच्या पाळ्या मी शेवटपर्यंत नीट सांभाळल्या. मार्गारेटला सांगितलं, पाऊस पडला की चहाला येईन. ती म्हणाली, थांबते. सप्टेंबरात पाऊस आला, चावी मी बोर्डाच्या कपाटात ठेवून दिली आणि तिच्याकडे जाऊन दोन कप चहा प्यायलो. तिचे बटाटे स्वच्छ निघाले होते. रॉजरने बैठकीत माझे आभार मानायचा ठराव मांडला, तेव्हा मी क्लार्कला म्हटलं की इतिवृत्तात माझं पूर्ण नाव लिही. तिने स्पेलिंग विचारून घेतलं. यंदाही रॉजरचा फोन येऊन गेला आहे. मे असाच गेला तर चावी घ्याल का, म्हणून. घेईन म्हटलं.

पण एप्रिल कोरडा गेला की मला आठवतं ते हे नव्हे. अक्काचा फोन ठेवला त्याच क्षणी जे आठवलं होतं, ते दर कोरड्या वसंतात परत येतं, आणि ते मी अजून अक्कालाही सांगितलेलं नाही.

आई गेल्यावर बा एकदाच इकडे आला होता. आम्ही तेव्हा लेस्टरला होतो, बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या ओळीत. नोकरीत नुकता स्थिरावलो होतो आणि शेजाऱ्यांत आपलं कसं दिसतं याची मला फार काळजी असायची. बा सकाळी फिरायला निघायचा आणि तास-दीड तासाने यायचा. त्याला भाषा येत नव्हती, पण 'वॉटर' आणि 'टी' हे दोन शब्द त्याने पहिल्या आठवड्यातच उचलले. शेजारच्या मीनाबेनने विचारलं, तो हो म्हणाला. पलीकडच्या म्हाताऱ्या गोऱ्याने विचारलं, हो म्हणाला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने, चर्चबाहेर फुलं लावणाऱ्या बाईने, ज्याने म्हणून विचारलं त्याला तो हो म्हणाला. पेला दोन्ही हातांत धरून तो सावकाश, तळापर्यंत प्यायचा. मग पेला उचलून त्याच्याकडे थोडा वेळ बघायचा.

मला त्याची लाज वाटायची. एका संध्याकाळी मीनाबेनकडे काही पूजा होती. दहा-बारा माणसं बसली होती. तिने बाला स्टीलच्या पेल्यातून पाणी दिलं, ते त्याने संपवलं. तिने विचारलं, "दादा, और दूं?" तो लगेच हो म्हणाला. दुसरा पेला त्याच्या ओठांशी गेला तसं मी सगळ्यांदेखत हसून म्हटलं, "बा, घरी पाणी मिळत नाही का तुला?"

सगळे हसले. बाही हसला. मग त्याने अर्धा भरलेला पेला टीपॉयवर ठेवून दिला. तो परत जाईपर्यंत दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत त्याने कुणाकडे पाण्याचा थेंब घेतला नाही. कुणी विचारलं की हात जोडून नको म्हणायचा. मला तेव्हा बरं वाटलं होतं, की एकदाच सांगितलं आणि त्याला समजलं.